अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

या धाग्यावर मी दोन वर्षं नुसता वाचायला येतो... आणि खरं सांगायचं तर हसायला येतो. कुणाच्या मामाला घाटात बाई दिसते, कुणाच्या आत्याला विहिरीवरून हाक येते. नेहमी मामा नाहीतर आत्या, सांगणाऱ्याने स्वतः कधीच काही पाहिलेलं नसतं. माझं काम ऑफिसांची नेटवर्कं उभी करणं आणि बंद पडली की चालू करणं. सव्वीस वर्षं तेच करतोय. 'आपोआप बंद पडलं' असं कोणी म्हणालं की मी आधी त्याच्या टेबलाखाली वाकतो, आणि तिथे पायाने निघालेली केबल सापडते. आपोआप काही होत नाही. हे मी अजूनही मानतो, म्हणूनच हे लिहिताना स्वतःचा राग येतोय.

जागा नीट सांगतो, नंतर प्रश्न नकोत. कांदिवली. पूर्वी तिथे आमची बैठी चाळ होती, ती पाडून टॉवर झाला आणि आम्हा जुन्या लोकांना मागच्या विंगमध्ये घरं मिळाली. माझं घर चौदाव्या मजल्यावर. हॉल, दोन बेडरूम, आणि खिडकीतून समोरच्या विंगच्या एसींच्या पाठी दिसतात. सध्या मी तिथे एकटा राहतो. बायको, नीता, मुलीच्या बाळंतपणाला म्हणून बंगलोरला गेली. ते बाळ आता चालायला लागलंय. बाळंतपण एवढं लांबत नाही हे मलाही कळतं. पण विचारलं तर उत्तर मिळेल, म्हणून विचारत नाही.

एकट्या माणसाच्या घरात काहीतरी वाजत असावं लागतं. टीव्हीवरच्या भांडणांचा वीट आला, तेव्हा मी नेटवर्क प्लेयर घ्यायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — मिठाईच्या खोक्याएवढं यंत्र असतं. त्याला स्पीकर जोडायचे, राउटरची केबल लावायची, आणि घरातल्या हार्ड डिस्कवर भरून ठेवलेलं हवं ते मोबाइलवरून लावायचं. सेटअप म्हणजे माझा हातचा मळ. अ‍ॅप विचारतं, खोलीचं नाव काय? मी लिहिलं, हॉल. मग ते सांगतं, खोलीचा आवाज मोजायचाय, घरातल्या सगळ्यांना दोन मिनिटं गप्प बसायला सांगा. मी 'ओके' दाबलं. कोणाला सांगायची गरजच नव्हती.

सगळं झकास चाललं. गाणी भरली, आठवडाभर ऐकली. मग वाटलं, यात बाबांचा आवाज हवा.

बाबांचा आवाज ही चाळीतली प्रसिद्ध गोष्ट होती. ते कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. चारी बाजूंना माग खडखडत असताना बोलायची सवय, त्यामुळे घरातसुद्धा मीठ मागायचे ते पलीकडच्या खोलीत ऐकू जायचं. गिरणी गेली, मालाडला एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले, तरी आवाज काही खाली आला नाही. आणि या आवाजाचं मोठं काम म्हणजे गाऱ्हाणं. कोकणाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो. आमच्यात गणपती बसवायचा असो की नवं घर घ्यायचं असो, घरातला मोठा माणूस नारळ ठेवतो आणि उभ्याने देवाशी बोलतो. मंत्रबिंत्र नाही, सरळ आपल्या भाषेत. एकेकाचं नाव घेऊन सांगायचं की याला सांभाळ, त्याची चूक पदरात घे. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबतो आणि बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा." कोणी म्हटलंच नाही तर ते बोलणं पोचत नाही, असं बाबा मानायचे.

आमच्या घरात शेवटी आणखी एक रीत होती. सगळी नावं झाली की बाबा मागे वळून विचारायचे, "कोणाचा नाव ऱ्हवला?" मग उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी राहिलेलं नाव सांगायचं. स्वतःचं नाव स्वतः सांगायचं नाही, ते दुसऱ्याने आठवायचं. बाबा ते नाव जोडून घ्यायचे आणि मगच गाऱ्हाणं संपायचं.

आता माझी करामत सांगतो. हे लिहायचं टाळत होतो, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

टॉवरमधल्या घराची वास्तुशांत होती. गुरुजी जाऊन जेवणं चालली होती. माझ्या ऑफिसची माणसं होती, नीताचं माहेर नाशिकचं, तिकडची मंडळी होती. हॉलमध्ये छोट्या स्पीकरवर मी मोबाइलवरून हळू आवाजात सनई लावलेली. आणि बाबा नारळ घेऊन देव्हाऱ्यासमोर उभे राहिले आणि साच्यावरच्या आवाजात सुरू झाले. "बा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझ्या आशीर्वादान नवा घर घेतला हा..." माझा साहेब हातात ताट धरून गालात हसत होता. नीताच्या भावाने व्हिडिओ काढायला मोबाइल बाहेर काढला. 'व्हय म्हाराजा' म्हणणारी एकटी ताई होती, स्वयंपाकघराच्या दारातून. लाज वाटली मला, सरळ सांगतो, त्या माणसाची लाज वाटली ज्याने ओव्हरटाइम करून मला डिप्लोमा करू दिला. माझा मोबाइल खिशात होता. मी खिशातल्या खिशात आवाजाचं बटण दाबत गेलो. सनई वाढली.

बाबा "बा म्हाराजा, ह्या घरात माझो झील..." एवढ्यावर होते. झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. त्यांनी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे. नारळ खाली ठेवला. माझा हात खिशात होता हे आणखी एका माणसाने पाहिलं, ताईने.

संध्याकाळी बाबा "दोन दिवस" म्हणून ताईबरोबर मुलुंडला गेले आणि चार वर्षांनी तिथेच वारले. ताई, सुलभा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नवरा आधीच गेलेला, शाळेत शिपाई होती, एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीखालच्या दिवाणावर बाबा आणि खाली चटईवर ती. पेज भरवण्यापासून कपडे बदलण्यापर्यंत सगळं तिने केलं. मी दुसऱ्या शनिवारी फळं घेऊन जायचो, पाहुण्यासारखा. एकदा ताईने माझ्यासमोरच त्यांना विचारलं, "बाबा, त्या दिवशी पुढे काय बोलणार होतात?"

"अर्धा ऱ्हवला ता ऱ्हवला," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे तिच्या घरच्या गणपतीतसुद्धा त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. "माझा एक अर्धा आसा. ता पुरा झाल्याबगर दुसरा कसा घालू?"

बाबांच्या आवाजाची एकच कॅसेट होती, मी दहावीत असतानाच्या गणपतीची, शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. ती ताईकडे. मी फोन केला.

"ताई, ती कॅसेट देशील का? कॉपी करून परत देतो."

"कशाला?"

"घरात बाबांचा आवाज असावा म्हणून."

"होता ना घरात आवाज. तूच बंद केलास." तिने फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी तिचाच फोन. "रविवारी येते. माझ्यासमोर काय तो कर. कॅसेट तुझ्याकडे सोडणार नाही."

रविवारी बाराच्या सुमाराला ती आली. बोलत नव्हती, पण वालाच्या उसळीचा डबा आणला होता. कॅसेट रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात. मालाडच्या एका जुन्या रिपेअरवाल्याकडून मी कॅसेट डेक उसना आणलेला, तो लॅपटॉपला जोडला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. कॅसेट कॉपी करायची म्हणजे पूर्ण वाजू द्यावी लागते. ताई सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होती आणि प्रत्येक वाक्यानंतर ओठांतल्या ओठांत 'व्हय म्हाराजा' म्हणत होती.

त्यात आईचं नाव आलं. "माझो झील इलास, दहावीक बसलो हा, तेका बुद्धी दी." इलास म्हणजे मी. मग आलं, "माझा चेडू सुली, तेका बरा घर बघून दी." चेडू म्हणजे मुलगी. ताईने माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं. लग्न झालेल्या मुलीचं नाव आमच्यात माहेरच्या गाऱ्हाण्यात घेत नाहीत, ती सासरच्या गाऱ्हाण्यातली झाली. बाबांनी तिचं नाव घेतल्याची ही शेवटची जागा. ती कॅसेट का सोडत नव्हती, ते मला इतक्या वर्षांनी त्या दुपारी कळलं. शेवटी बाबांनी विचारलं, "कोणाचा नाव ऱ्हवला?" आणि माझा तेव्हाचा किनरा आवाज, "मांजराचा ऱ्हवला." सगळी चाळ हसली. बाबांनी मांजरालाही घेतलं. ताईसुद्धा थोडं हसली, माझ्या घरात कित्येक वर्षांनी.

कॅसेट काढून तिने लगेच रुमालात बांधली. मी डेकचा प्लग काढला, फाइल हार्ड डिस्कवर टाकली, फाइलला नाव दिलं 'बाबा', लॅपटॉप बंद केला. मोबाइलवर बघितलं तर प्लेयरने फाइल ओळखली होती. नाव बाबा, कलाकार अनोळखी, बावीस मिनिटं चौदा सेकंद.

"आता ह्या डब्यातून वाजव बघू," ताई म्हणाली. "तसाच येतो का."

लावलं. चांगला येत होता, कॅसेटपेक्षा स्वच्छ. आम्ही परत सगळं ऐकलं, इलास, सुली, मांजर. बावीस चौदाला आकडा थांबला, स्क्रीनवर परत सुरू करायचा बाण आला. फाइल संपली होती.

"...एकटो पडतलो, म्हाराजा."

आवाज स्पीकरमधून आला. बाबांचाच, पण कॅसेटमधल्या बाबांचा नाही. म्हातारा, श्वास अडखळणारा, 'स'ला शीळ घालणारा. बाबांचे दात ताईकडे गेल्यावर काढले. हा आवाज माझ्या घरात कधी आलेलाच नव्हता. आणि वाक्य... वाक्य मी सनई वाढवली तिथून पुढचं होतं. ह्या घरात माझो झील एकटो पडतलो.

आवाज थांबला. ताईच्या तोंडून सवयीने गेलं, "व्हय म्हाराजा."

"तेवा तू तेच्या पाठी रव."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या चेडवाचा पोर आता पाय टाकूक लागला हा, तेका सांभाळ."

माझी नात बाबा गेल्यानंतर जन्मली. माझा अंगठा मोबाइलवर होता. का ते माहीत नाही, बहुतेक बंद करायला.

"हात लावू नको," ताई म्हणाली. "एकदा लावलास तेवढा पुरे."

"तेनी माका बोलूक दिल्यान नाय. ती चूक पदरात घे."

या वेळी ताई काही म्हणाली नाही. ती पुढे झुकून बसली होती, पदराचं टोक मुठीत. ती कशाची वाट बघत होती, ते मला तेव्हा दिसत होतं. स्पीकरमधून नुसता श्वास येत होता. मग बाबांनी विचारलं,

"कोणाचा नाव ऱ्हवला?"

आणि थांबले. मोठी गॅप होती. मी काय केलं सांगू? मी प्लेयरच्या मागच्या केबली बघत होतो. कुठून सिग्नल येतोय, कुठल्या पोर्टचा दिवा लुकलुकतोय. सव्वीस वर्षांची सवय. ताईने माझ्याकडे बघितलं, मला कळत होतं ती बघतेय, आणि माझी मान त्या डब्याच्या मागे होती.

"बरा तर," बाबा म्हणाले. "सगळ्यांचा बरा कर, म्हाराजा."

तो श्वास ऐकू येत होता, बोलणं पोचायची वाट बघत असल्यासारखा. शेवटी ताईनेच म्हटलं, खाली जमिनीकडे बघत, "व्हय म्हाराजा." मग श्वासही बंद झाला आणि डब्याचा दिवा विझला.

ताई उठली, पर्स घेतली. मी तोंड उघडलं आणि त्यातून जगातलं सगळ्यात मूर्ख वाक्य बाहेर पडलं. "ताई, लग्न झालेल्या मुलीचं नाव घेत नाहीत ना आपल्यात. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मेल्यावरपण तोच नियम असतो, ते आज कळलं. चार वर्षं मी त्यांचं सगळं काढलं आणि शेवटी पण तुझाच पाढा."

"अगं, पण मी काय..."

"बाबांचं जाऊ दे, ते त्यांच्या रितीने गेले. पण विचारलं त्यांनी इलास, तुझ्यासमोर विचारलं. कोणाचा नाव ऱ्हवला." तिने चपला घातल्या. "मांजराचं बरं आठवलं होतं तुला."

लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने गेली. चौदा मजले, गुडघे दुखत असताना. मी दारात उभा राहून तिच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत ऐकला आणि तरी हाक मारली नाही.

आता तुम्ही विचारणार, म्हणून आधीच. फाइल पुन्हा शंभर वेळा वाजवली आहे, बावीस चौदाला संपते, पुढे काही नाही. प्लेयरच्या लॉगमध्येही बावीस चौदाला 'स्टॉप', त्यानंतर कोरं. कॅसेटची दुसरी बाजू ताईने पूर्वीच तपासली होती, कोरी आहे. वास्तुशांतीचा व्हिडिओ नीताच्या भावाकडून मागवला. त्यात "माझो झील" नंतर सनईच आहे, आणि कोपऱ्यात मी आहे, खिशात हात घालून. ताईने कधी रेकॉर्ड केलं असेल म्हणाल, तर तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि खोटं बोलायचं तिला आयुष्यात जमलं नाही. आणि माझ्या नातीचं चालणं? ते मलाच बंगलोरहून आदल्या आठवड्यात कळलं होतं. माझ्या वायफायवर कोणी घुसलं असं म्हणणाऱ्यांनी कृपया स्वतःचा पासवर्ड बदलावा. माझ्या नेटवर्कवर माझ्या नकळत काही येत नाही... असं मी लोकांना सांगून पोट भरतो.

चार महिने झाले. ताई माझा फोन उचलत नाही. एकदा मुलुंडला गेलो, दार उघडलं, पाणी दिलं आणि "मला कामं आहेत" म्हणाली. तिचा डबा माझ्याकडे आहे, घासून ठेवलाय, रिकामा परत द्यायचा नाही म्हणून राहिलाय. त्यात काय घालून द्यायचं ते सुचत नाही.

रविवारी दुपारी मी ती फाइल लावतो. इलास, सुली, मांजर, बावीस चौदा. मग प्लेयर गप्प झाला की देव्हाऱ्यासमोर उभा राहून मोठ्याने सांगतो, "बाबा, ताईचा नाव ऱ्हवला. सुलीचा." साच्यावरचा आवाज माझ्याकडे नाही, पण शेजारी ऐकू जाईल एवढ्याने सांगतो. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता ते शोधतही नाही. सांगून झालं की थोडा वेळ थांबतो, कारण पुढे कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. घरात तसं कोणी नाही.